ऐकणे, बोलणे, करणे : गावातील प्रौढ शिक्षण आणि कुटुंबांचा आधार

शेतीच्या सुधारणेचा विचार निघाला म्हणजे बी, खत, पाणी आणि भांडवल या चार गोष्टींचा उल्लेख हटकून होतो. पाचवी गोष्ट मात्र बहुधा नजरेआड राहते. ती म्हणजे शेतकऱ्याचे आणि त्याच्या कुटुंबातील प्रौढ माणसांचे शिक्षण. मुलांच्या शिक्षणासाठी शाळा आहे, मास्तर आहेत, वेळापत्रक आहे. चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याने किंवा पन्नाशीच्या बाईने काही शिकावयाचे ठरविले, तर तिने कोणाकडे जावे, हा प्रश्न गावोगाव विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख आहे. प्रौढांसाठी आणि अडचणीत सापडलेल्या कुटुंबांसाठी आज ज्या सोयी उपलब्ध आहेत त्यांची माहिती द्यावी, आणि त्या सोयींचा उपयोग गावाने एकत्र बसून कसा करून घ्यावा हे सांगावे, असा त्याचा दुहेरी हेतू आहे.

न वाचता येण्याची किंमत

प्रौढ शिक्षण म्हणजे केवळ सही करता येणे, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती दूर झाली पाहिजे. वाचता न येण्याची आणि हिशेब न समजण्याची किंमत शेतकरी कुटुंब रोज मोजत असते. ती नजरेस येत नाही इतकेच.

कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनाचे उदाहरण घ्या. या चौकोनातील रंगावरून औषध किती विषारी आहे ते कळते. लाल रंग अतिशय विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम आणि हिरवा सर्वांत सौम्य, असा त्याचा अर्थ आहे. त्याच डब्यावर मात्रा, घ्यावयाची काळजी आणि विषबाधा झाल्यास करावयाचा उपाय छापलेला असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. त्या घटनेमागे अनेक कारणे होती. परंतु डब्यावरील मजकूर वाचून समजणारे एक माणूस प्रत्येक फवारणीच्या वेळी शेतात हजर असणे, ही संरक्षक कपड्यांइतकीच आवश्यक गोष्ट आहे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

दुसरे उदाहरण व्याजाचे. सावकाराकडून शेकडा ३ रुपये महिना या दराने ५०,००० रुपये घेतले, तर महिन्याचे व्याज १,५०० रुपये आणि वर्षाचे १८,००० रुपये होते. बँकेच्या पीककर्जाचा दर सालीना शेकडा ७ धरला, तर तेवढ्याच रकमेवर वर्षाचे व्याज ३,५०० रुपये होते, आणि वेळेवर फेड केल्यास त्यातही सवलत मिळते. 'शेकडा तीन' हा आकडा ऐकावयास 'शेकडा सात' पेक्षा लहान वाटतो. एक दर महिन्याचा आहे व दुसरा वर्षाचा आहे, हे ज्याला कळत नाही तो साडेचौदा हजार रुपयांना फसतो. ही बेरीज-गुणाकाराची गोष्ट आहे; परंतु अनेक घरांचे बरे-वाईट तिच्यावर ठरते.

पुण्याचा १९५६ चा प्रयोग

प्रौढांना शिकवावे कसे, याविषयी आपल्याच राज्यात एक महत्त्वाचा प्रयोग झालेला आहे. १९५२ च्या २ ऑक्टोबरला समूह विकास योजना आणि पुढील वर्षी त्याच दिवशी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. ग्रामसेवक गावात आला. परंतु एका ग्रामसेवकाकडे अनेक गावे असत आणि प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे त्याला अशक्य होते. तेव्हा रेडिओचा उपयोग करावा अशी कल्पना निघाली. कॅनडातील शेतकरी १९४१ पासून शेजाऱ्यांच्या घरी जमून शेतीचा कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. ती पद्धत आपल्याकडे चालेल काय, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली गेली. प्रत्येक गावात वीसएक लोकांचे श्रोतृमंडळ होते. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकावयाचा, त्यानंतर तेवढाच वेळ आपसांत चर्चा करावयाची, निघालेले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे आणि पुढील कार्यक्रमात त्यांची उत्तरे ऐकावयाची, असा क्रम होता. असे वीस कार्यक्रम झाले.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. ज्या गावांत श्रोतृमंडळे होती तेथील लोकांच्या ज्ञानात चांगली भर पडल्याचे दिसून आले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे तशी भर पडली नाही. मंडळात निरक्षर माणसेही होती आणि त्यांनी चर्चेत भाग घेतला.

त्या वेळी जालना हा तालुका हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यात होता. मराठवाडा १९५६ च्या १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आला आणि जालना हा स्वतंत्र जिल्हा १९८१ च्या १ मे रोजी झाला. म्हणून आपल्याकडील गावे त्या प्रयोगात नव्हती. परंतु त्याचा निष्कर्ष आपल्याला आज अधिकच लागू पडतो. त्या काळी गावात एक रेडिओ असे. आज जवळजवळ प्रत्येक घरात मोबाइल आहे. माहिती कमी पडते अशी आता तक्रार उरलेली नाही. उलट ती इतकी येते की, खरी कोणती आणि खोटी कोणती हे एकट्याने ठरविणे कठीण झाले आहे. माहिती कानावरून जाते. शेजाऱ्याबरोबर तिची चर्चा झाली आणि आपल्या वावरात तिचा पडताळा आला, म्हणजे ती ज्ञान होते. ऐकणे, बोलणे आणि करणे या तीन पायऱ्यांपैकी मधली पायरी गाळली की तिसरीवर पाय पोहोचत नाही.

जालना जिल्ह्यातील शिकण्याच्या जागा

आपल्या जिल्ह्यात या पद्धतीचे उत्तम उदाहरण जालन्याजवळ खरपुडी येथे आहे. मराठवाडा शेती सहाय्य मंडळाच्या वतीने चालणाऱ्या तेथील कृषी विज्ञान केंद्रात दर महिन्याच्या ५ तारखेस शेतकऱ्यांचे चर्चासत्र भरत आले आहे. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने पडलेला हा परिपाठ अनेक वर्षे टिकून आहे. हंगामाला धरून विषय असतो. शास्त्रज्ञ बोलतात, तसेच ज्यांनी ती गोष्ट स्वतः करून पाहिली असे शेतकरीही बोलतात. तारीख ठरलेली असल्यामुळे निमंत्रणाची वाट पाहावी लागत नाही. नियमितपणा हा प्रौढ शिक्षणाचा प्राण आहे, हे या उदाहरणावरून दिसते.

सामूहिक शिक्षणाने गाव कसे बदलते हे पाहावयाचे असेल तर कडवंची गावास भेट द्यावी. इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली १९९० च्या दशकात तेथे बांधबंदिस्तीची कामे झाली. त्या कार्यक्रमात श्रमदान, चराईबंदी आणि वृक्षतोड-बंदी यांस गावाने आधी एकमताने मान्यता द्यावयाची असे. म्हणजे बांध घालण्यापूर्वी गावाला बसून बोलावे लागले. पुढे कडवंची शेततळ्यांसाठी आणि द्राक्षबागांसाठी नावारूपास आली. मातीचे काम यंत्रानेही होते. एकमत मात्र बैठकीतच तयार होते.

याखेरीज पुढील ठिकाणे ध्यानात ठेवावीत. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्र तुरीसारख्या कडधान्यांच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे. बीडीएन ७११ ही पांढरी तूर तेथलीच. मोसंबीच्या संशोधनाची सोयही बदनापूर येथेच आहे, आणि ज्या जिल्ह्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे तेथील बागायतदारांनी तिचा लाभ घ्यावयास हवा. १९७२ साली स्थापन झालेले परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आपल्या विभागाचे मुख्य ज्ञानकेंद्र आहे. रेशीमशेती करणाऱ्यांसाठी जालना बाजार समितीत २०१८ पासून कोषांचा बाजार भरतो. तेथे माल विकण्यास आलेले शेतकरी एकमेकांपासून जे शिकतात तेही शिक्षणच होय.

शेतीशाळा हा आणखी एक प्रकार. १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांचा प्रश्न बिकट झाला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने ही पद्धत तेथे सुरू झाली. वीस-पंचवीस शेतकरी पूर्ण हंगामभर ठराविक दिवशी एकाच शेतात जमतात, झाडे निरखतात, उपद्रवी किडी आणि मित्रकीटक मोजतात, कागदावर चित्र काढतात आणि फवारणी करावी की नाही ते आपसांत ठरवितात. येथे वर्गाची भिंत नाही आणि फळाही नाही. पीक हेच पुस्तक. कृषी विभागातर्फे आपल्या जिल्ह्यात अशा शेतीशाळा घेतल्या जातात. त्यांत नाव नोंदवून केवळ पहिल्या दिवशी हजेरी लावण्यात अर्थ नाही. पेरणीपासून काढणीपर्यंत बसणाऱ्यालाच त्यांचा उपयोग होतो.

अक्षरओळखीपासून पदवीपर्यंत

साक्षरतेच्या मोहिमा महाराष्ट्रास नवीन नाहीत. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. संपूर्ण गाव साक्षर करण्याची जबाबदारी गावानेच घ्यावयाची आणि ती पुरी झाल्यावर ग्रामगौरव समारंभ करावयाचा, अशी तिची रीत होती. पुढे १९७८ साली राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आणि १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान आले. या साऱ्या मोहिमांचा एक समान अनुभव आहे. नव्याने शिकलेल्या माणसाच्या हाती वाचावयास काही आले नाही, तर तो शिकलेली अक्षरे विसरतो. म्हणून वर्ग संपला तेथे काम संपले असे मानू नये.

सध्या केंद्र शासनाचा 'उल्लास' हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी चालू आहे. १५ वर्षांवरील कोणासही त्यात नाव नोंदविता येते. शिकविण्याचे काम स्वयंसेवक करतात. त्यांत विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त कर्मचारी, घरातील सून किंवा मुलगी कोणीही असू शकते. शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान या तीन भागांची प्रत्येकी ५० गुणांप्रमाणे एकूण १५० गुणांची परीक्षा असते आणि उत्तीर्ण होणाऱ्यास प्रमाणपत्र मिळते. या कार्यक्रमात केवळ अक्षरे नाहीत. पैशाचा व्यवहार, मोबाइलचा वापर, कायद्याची माहिती, आरोग्य आणि बालसंगोपन यांचाही त्यात समावेश आहे. नोंदणीसाठी गावातील जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावे.

'आता या वयात काय शिकावयाचे?' असे म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे या गावाकडे पाहावे. तेथे २०१६ च्या जागतिक महिलादिनी शिक्षक योगेंद्र बांगर यांनी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका गुलाबी लुगडी नेसून, दप्तर घेऊन त्या शाळेत गेल्या. शिकण्याला वय आड येत नाही. लाज आड येते. ती लाज गावाने काढून टाकावयाची असते.

ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली त्यांनाही वाट मोकळी आहे. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळामार्फत पाचवी आणि आठवीची समकक्ष परीक्षा देता येते. १७ नंबरचा अर्ज भरून दहावी किंवा बारावीस बाहेरून बसता येते. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात घरची शेती सांभाळून पदविका आणि पदवी घेता येते. शेतीविषयक शिक्षणक्रमही तेथे आहेत. प्रवेशाच्या मुदती आणि अटी दरवर्षी पाहून घ्याव्यात.

मोबाइल हाताशी असताना

घरबसल्या सल्ला मिळण्याच्या सोयी पुष्कळ आहेत. किसान कॉल सेंटर ही सेवा २००४ च्या जानेवारीत सुरू झाली. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळी ६ पासून रात्री १० पर्यंत विनामूल्य फोन करता येतो आणि मराठीत उत्तर मिळते. फोन करण्यापूर्वी पिकाचे नाव, वाण, पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार आणि आधी केलेली फवारणी एवढ्या गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. अर्धवट प्रश्नाला अर्धवटच उत्तर मिळते. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली 'महाविस्तार' हे अ‍ॅप सुरू केले असून त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतो. आकाशवाणीच्या छत्रपती संभाजीनगर आणि परभणी केंद्रांवरील शेतीचे कार्यक्रम आणि २०१५ साली सुरू झालेली दूरदर्शनची किसान वाहिनी याही जुन्या पण भरवशाच्या सोयी आहेत.

मोबाइलवर आलेली प्रत्येक गोष्ट मात्र खरी मानू नये. एखाद्या औषधाची चित्रफीत पाहिली, तर ती कोणत्या संस्थेची आहे, कोणत्या भागातील आहे आणि बोलणारा माल विकणारा तर नाही, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. काळ्या भारी जमिनीतील सल्ला मुरमाड जमिनीस लागू पडत नाही. शासकीय योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या फाइली उघडू नयेत. 'पीएम किसान'च्या नावाने अशा फाइली पाठवून बँकेतील रक्कम लांबविल्याचे प्रकार घडले आहेत. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा परत मिळण्याचा संभव कमी.

गावाचे अभ्यासमंडळ

वरील सर्व सोयींना गावात एकत्र आणणारी जागा हवी. ती म्हणजे अभ्यासमंडळ. ते चालविण्यास इमारत किंवा अनुदान लागत नाही. पुढील गोष्टी मात्र पाळाव्यात.

१. मंडळात पंधरा ते वीस सभासद असावेत. त्याहून अधिक झाल्यास दोन मंडळे करावीत, कारण मोठ्या सभेत चार जणच बोलतात. कोरडवाहू आणि बागायतदार, मालक आणि मजूर, तरुण आणि वडीलधारे अशी सर्वांची त्यात सोय असावी.

२. दिवस, वेळ आणि जागा ठरलेली असावी. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. शाळेचा वर्ग, समाजमंदिर किंवा देवळाचा ओटा चालेल. परंतु जेथे येण्यास गावातील कोणासही संकोच वाटेल अशी जागा निवडू नये. एखादे घर तेवढ्यासाठीच दूर राहते.

३. बैठक तासाभराची असावी. पहिली वीस मिनिटे ऐकण्याची: मोबाइलवरील कार्यक्रम, बुलेटिनातील लेखाचे वाचन किंवा कृषी सहायकांचे बोलणे. पुढील अर्धा तास चर्चेचा. शेवटची दहा मिनिटे ठरावाची: कोण, काय, केव्हा करून पाहणार.

४. एक वही ठेवावी. तीत तारीख, विषय, ठरलेली गोष्ट आणि अनुत्तरित प्रश्न लिहावेत. लिहिण्याचे काम पाळीपाळीने द्यावे आणि नवसाक्षरांनाही द्यावे. अक्षर वाईट आले तरी चालेल. हाच त्यांचा सराव आहे. मागील बैठकीचा वृत्तान्त त्यांच्याकडूनच वाचून घ्यावा.

५. विषय हंगामाआधी यावा, हंगाम उलटल्यावर नव्हे. मे महिन्यात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवणशक्ती पाहावी. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवावेत आणि ७० किंवा अधिक उगवले तर शिफारशीइतकेच बियाणे वापरावे. कमी उगवले तर त्या मानाने बियाणे वाढवावे. जूनमध्ये ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणी न करण्याचा विचार एकत्र बसून पक्का करावा, म्हणजे शेजाऱ्याने तिफण काढली म्हणून घाई होत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये कपाशीत कामगंध सापळे लावून पतंग मोजण्यास शिकावे. सापळ्यात सलग तीन दिवस रोज सरासरी आठ पतंग आढळल्यास गुलाबी बोंडअळीवर उपाय करण्याची वेळ आली असे समजावे. सप्टेंबरात फवारणीची सुरक्षितता, ऑक्टोबरात हरभऱ्याची बीजप्रक्रिया, डिसेंबरात फरदड न ठेवण्याचा निर्णय, आणि उन्हाळ्यात वर्षाचा जमाखर्च व कर्जाचा हिशेब, असा क्रम लावता येईल.

६. विमा, कर्ज आणि अनुदान यांचे नियम बदलत राहतात. गेल्या वर्षीच्या आठवणीवर न जाता चालू वर्षाच्या अटी व मुदती तालुका कृषी कार्यालयातून लिहून आणाव्यात आणि बैठकीत वाचून दाखवाव्यात.

स्त्रियांच्या सहभागाविषयी स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. निंदणी, वेचणी, बियाण्याची राखण, जनावरांची देखभाल ही कामे बहुतांशी बायका करतात. बैठकीस मात्र पुरुष येतात. ज्याने काम करावयाचे त्याने ऐकावयाचे नाही, अशी ही उलटी तऱ्हा आहे. 'उमेद' अभियान आणि महिला आर्थिक विकास महामंडळ यांचे बचतगट गावोगाव आहेत. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि अद्ययावत हिशेब ही त्यांची पंचसूत्री आहे. जो गट ही सूत्रे पाळतो तो मुळातच एक चालती शाळा आहे. त्याच बैठकीत अर्धा तास वाचनास आणि शेतीच्या विषयास द्यावा. बायकांना सवडीची असेल ती वेळ ठेवावी, आणि त्या वेळेपुरती लहान मुले कोणी तरी सांभाळावीत. एवढी व्यवस्था झाली नाही तर केवळ आमंत्रण देऊन उपयोग नाही.

संकटातील कुटुंब

अभ्यासमंडळाचे आणखी एक काम आहे, आणि ते कदाचित सर्वांत मोठे आहे. मराठवाड्याने दुष्काळ पाहिले आहेत. २०१२ च्या दुष्काळात आपला जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. नापिकी, कर्ज आणि आजारपण एकाच वर्षी आले म्हणजे भला माणूसही खचतो. तो प्रथम बोलणे कमी करतो, बैठकीस यावयाचा थांबतो, झोप आणि जेवण तुटते, क्वचित व्यसन जडते. मंडळातील दोन-तीन जाणत्या माणसांनी अशा घरी सहज म्हणून जावे. उपदेश करू नये; ऐकून घ्यावे. त्याला एकटे सोडू नये आणि घरातील कीटकनाशके कुलपात ठेवण्यास घरच्यांना सांगावे. 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्याची शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते. मन आजारी पडणे हे ताप येण्यासारखेच आहे. त्यात कमीपणा नाही.

घरातील कर्ता पुरुष गेल्यास त्या बाईपुढे दुःखाबरोबर कागदांचा डोंगर उभा राहतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी आणि दाखल्याच्या प्रती घ्याव्यात. सातबारावर वारसाची नोंद होण्यासाठी तीन महिन्यांच्या आत गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तलाठ्याकडे, अर्ज द्यावा. मृत्यू अपघाती असल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखाली २ लाख रुपयांचे साहाय्य मिळू शकते; त्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. विधवा आणि निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. या मुदती शोकात निघून जातात. म्हणून अर्ज लिहून देण्याचे आणि कार्यालयात बरोबर जाण्याचे काम मंडळाने आपल्याकडे घ्यावे. परक्या मध्यस्थाला पैसे देण्याची पाळी त्या घरावर येऊ देऊ नये.

पुढील क्रमांक शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावेत : तातडीच्या मदतीसाठी ११२; संकटातील स्त्रियांसाठी १८१; मुलांसाठी १०९८; वृद्धांसाठी १४५६७; विनामूल्य कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००; मानसिक आधारासाठी १४४१६; आर्थिक फसवणुकीसाठी १९३०; शेतीच्या सल्ल्यासाठी १८००-१८०-१५५१. भिंत सर्वांना दिसते. नवसाक्षरास ती वाचनाचा पहिला धडाही होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायक, कृषिसखी, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि शिक्षक यांपैकी प्रत्येकाची स्वतंत्र बैठक, स्वतंत्र नोंदवही आणि स्वतंत्र दिवस असतो. गावकरी मात्र तेच असतात. महिन्यातून एका बैठकीस सर्वांनी एकत्र यावे, म्हणजे गावकऱ्यांचा वेळ वाचेल आणि एकाच घराची अडचण सर्वांच्या ध्यानात येईल. मंडळ आपण चालवू नये; ते चालू द्यावे. आपण सांगावयाचे आणि त्यांनी माना डोलवावयाच्या, यास चर्चा म्हणत नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यास तसे मोकळेपणाने सांगावे, तो वहीत लिहावा आणि खरपुडी, बदनापूर किंवा परभणीहून उत्तर आणून पुढील बैठकीत द्यावे. दिलेला शब्द एकदा पाळला गेला, की पुढच्या बैठकीस बोलावणे धाडावे लागत नाही.

मंडळाचे यश हजेरीच्या आकड्यावर मोजू नये. वर्षअखेर पुढील गोष्टी विचाराव्यात. किती घरांनी पेरणीपूर्वी बियाणे तपासले? किती बायका आता पासबुक स्वतः वाचतात? किती जणांनी सावकाराचे कर्ज टाळले? कोणत्या खचलेल्या घरास गाव वेळेवर धावून गेले? या प्रश्नांची उत्तरे वहीत सापडली, तर मंडळ चालले असे समजावे.

शेतकरी बंधुभगिनींनी येत्या हंगामाची वाट न पाहता याच पंधरवड्यात दहा-पंधरा शेजारी जमवावेत, दिवस ठरवावा आणि एक वही विकत घ्यावी. पहिल्या बैठकीस हाच लेख मोठ्याने वाचावा, आणि वाचण्यास ज्यांना अडखळावयास होते त्यांच्यापासून सुरुवात करावी.